तिसरा स्टोल

तिसरा स्टोल, पहिली वीत

"नाना, हळू. मारू नका त्याला," मेघामॅडम कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या.

हिलाल नानांनी मान हलवली आणि मागाची फणी पुन्हा दाणकन ओढली.

मॅडमनी विणलेला भाग चाचपला. "हा गळ्यात घालायचाय. पुठ्ठ्यासारखा उभा राहतोय बघा."

"नाना, याचं पायपुसणं करा," पलीकडच्या मागावरून पुनम मुद्दाम ओरडली. "टिकंल तरी."

नानाही हसले. हसावंच लागलं. या शिरपूरच्या हातमाग केंद्रात तीन स्टोल विणून दाखवायचे होते. एक तरी पास झाला तर काम. दोन नापास झाले होते. धुळ्यातली यंत्रमागांची शेड बंद पडून वर्ष झालं होतं, माग भंगारात गेले होते. दुसरं काही येत नव्हतं.

पहिला स्टोल

अर्जात त्यांनी ऐटीत लिहवून घेतलं होतं: विणकर, तीस वर्षं. मग ते हातमागावर बसले. पायाखाली चार पावड्या. एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर. त्यातून आडव्या धाग्याचा धोटा सारायचा, फणी ओढायची, मग पुढची पावडी. शेडमध्ये ते एकटे सहा माग सांभाळायचे, पण उभ्याने. धागा तुटला की माग थांबायचा, हे धावायचे. विणायचा तो माग.

ही गोष्ट त्यांना छपन्नाव्या वर्षी कळली, बसल्यावर.

दुसरा स्टोल

त्याबद्दल न सांगितलेलं बरं.

घरी, तिसरा स्टोल सुरू केला त्या रात्री जेवताना

"इतलं जोरमा कसाले ठोकतस?" बायकोने, कोकिळाने, विचारलं.

"माले ऐकू येस नही ना. आवाज उना म्हंजे कापड बनी ऱ्हायनं, अशे वाटस."

कोकिळाने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मागितली नव्हती.

तिसरा स्टोल, पुढे

त्यांनी हात सैल सोडला. फणी आली, गेली. काहीच ऐकू आलं नाही.

शेडमध्ये माग गप्प झाला म्हणजे धागा तुटला. पाय आपोआप थांबले, ते उठून उभे राहिले. सगळे धागे शाबूत होते. बसले. पुन्हा शांतता, पुन्हा उठले. चौथ्यांदा उठले तेव्हा मॅडमनी खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या नाना. पुनमचा ताणा संपलाय, तिला बसू द्या इथं."

नाना बाजूला झाले. पुनमने जेमतेम बोटभर विणलं आणि ताण्यातला एक धागा तुटला. ती मॅडमना हाक मारेपर्यंत नानांनी वाकून दोन्ही टोकं चिमटीत धरली, थुंकी लावली, अंगठ्याखाली एकदा फिरवली. मग पिशवी उचलली.

पुनम विणत राहिली. गाठ कापडात आली असेल म्हणून तिने बोट फिरवून पाहिलं. कापड उचलून उजेडात धरलं.

"नाना, कुठं तुटला होता?"

पायऱ्या उतरणाऱ्या नानांची मान वळली नाही.