डावखुऱ्या कात्रीची पानगळ

मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण मला हातात घेतील आणि "ही बोथट आहे" म्हणून लगेच खाली ठेवतील. लाल मुठींची मी एक जुनी कात्री आहे. पण बोथट मुळीच नाही. मी डावखुरी आहे. माझं डावं पातं वर असतं. त्यामुळे उजव्या हाताने धरलं, की कापायची रेघ दिसत नाही आणि कागद माझ्या पात्यांत नुसताच दुमडतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. दुकानात मी खिळ्याला लटकत राहिले. गिऱ्हाईक यायचं, कागदाचा तुकडा कापून बघायचं आणि नाक मुरडायचं. शेजारच्या कात्र्या भराभर खपल्या. मला फार वाईट वाटायचं.

एकदा एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीच्या वर्गात कागदी पानांची सजावट चालली होती. सगळ्यांची पानं छान, हिचीच उंदराने कुरतडल्यासारखी! पोर रडत घरी आली होती.

"डाव्या हाताची कात्री मिळेल का हो?" त्यांनी विचारलं.

"न्या की! कधीची माझ्या गळ्यात पडलीय," दुकानदार म्हणाला.

त्या मुलीला घरी ठकी म्हणत. तिने मला बोटांत अडकवलं आणि कागद सुळकन कापला गेला. "आई, अगं बघ, मला रेघ दिसतेय!" ती ओरडली. माझा आनंद तर गगनात मावेना.

मग दरवर्षी झाडांची पानं गळू लागली, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचं काम सुरू व्हायचं. ठकी खरी पानं वेचून आणायची. आई त्यांच्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा घासायची, आणि शिरा हळूहळू उमटायच्या. जाड कागदाला मधोमध घडी घालून ठकी अर्धं पान काढायची. मी ते कापायचे. घडी उलगडली, की अख्खं पान! केशरी, पिवळं, विटकरी. बाबा माळ ओवताना हमखास सुई टोचून घ्यायचे. "तुम्ही नुसते बसा बघू," आई म्हणायची. माळ खिडकीत लागली, की येणारे-जाणारे थांबून बघायचे. काय दिवस होते ते!

ठकी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. मी खणात पडले. तिच्या धाकट्या भावाने माझ्याकडून खोकी फोडून घेतली, चिकटपट्ट्या कापून घेतल्या. माझी पाती चिकट झाली, पाती जोडणारा खिळा गंजला. "टाकून देऊ का ही?" त्याने एकदा विचारलं. आई म्हणाली, "राहू दे. ठकीची आहे."

पुढे आई आजारी पडली. तिचा उजवा हात उचलेना. डाव्या हाताला कामाची सवय लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण चमच्यातलं सांडलं, की आई ताट बाजूला सारायची. "माझ्यानं आता काही व्हायचं नाही," म्हणून भिंतीकडे तोंड करायची.

ठकी रजा घेऊन आली. तिने खण उपसला, माझी पाती पुसली, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडला. मग घडी घातलेला केशरी कागद आईपुढे धरला.

"मला नाही गं येत डाव्या हातानं."

"मी कागद धरते. तू फक्त काप."

आईने मला डाव्या हाताच्या बोटांत अडकवलं. मी होईल तितकी हलकी चालले. अर्धं पान कापायला फार वेळ लागला. ठकीने घडी उलगडली. पान वेडंवाकडं होतं, पण दोन्ही बाजूंनी अगदी सारखंच वेडंवाकडं! आई बघत राहिली आणि एकदम हसू लागली. किती तरी दिवसांनी त्या घरात ते हसू ऐकू आलं.

"दे, आता पिवळा कागद दे," ती म्हणाली.

मित्रांनो, हल्ली मी आईच्या डाव्या हाताशीच असते. तुमच्याकडे एवढंच मागते: काम झालं, की आमच्या पात्यांवरचा डिंक पुसा, आम्हाला ओलं ठेवू नका. आणि एखादी वस्तू तुमच्या हातात नीट चालली नाही, तर टाकून देण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघा.