नेकनूरच्या बंधाऱ्याचा निबंध

नेकनूरचा बंधारा पहिल्याच पुरात फुटला आणि त्या दिवसापासून शिवलिंगप्पांनी चुन्याची भट्टी पेटवली नाही. बंधाऱ्याला चुना त्यांचा होता आणि इंजिनिअरसाहेबांनी साऱ्या गावासमक्ष सांगितले होते की चुनाच कच्चा. बाजारात कुणीतरी हटकून विचारायचे, "आप्पा, पानाला तरी चालंल का तुमचा चुना?" आप्पा ओशाळून हसत आणि वाटेतूनच परत फिरत.

त्यांचा मुलगा कल्याण बीडला सरकारी बांधकामाच्या कचेरीत नकाशे उतरवीत असे. तिथल्या राधाकिशन कारकुनाने एकदा हळूच सांगितले, "त्या साहेबानं इंजिनिअर लोकांच्या परिषदेत ह्याच बंधाऱ्यावर निबंध वाचलाय बे. तेराशे एकोणचाळीस फसलीत. पाया खडकापर्यंत नेलाच न्हवता, आसं कबूल केलंय म्हनं. हैदराबादच्या विद्यापीठात आसंल, धुंड."

कल्याणने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र लिहिले. तिथले परिषदांचे अहवाल इसवी सनाप्रमाणे लावलेले, म्हणून त्याने सरकारी कागदांवरच्या फसली सालात सवयीने पाचशे नव्वद मिळवले आणि १९२९ असे घातले. आप्पांना म्हणाला, "कागद येनार हाय." त्या दिवशी आप्पा भट्टीपर्यंत जाऊन जुनी राख उपसून आले.

महिन्याने उत्तर आले. त्या वर्षीच्या अहवालात असा निबंध नव्हता.

"न्हाई ना?" आप्पा शांतपणे म्हणाले. "मंग माझाच चुना कच्चा आसंल."

वैशाखात ते गेले.

आषाढात एका नकाशावर तारीख घालताना कल्याणचा हात थबकला. फसली साल आश्विनाच्या सुमारास पालटते. थंडीत इसवी सन आणखी एकाने पुढे जातो. त्याने राधाकिशनला विचारले, "परिषद कवा भरलती?"

"माघात की."

म्हणजे १९३०. तो हैदराबादला गेला. ग्रंथालयातल्या सेवकाने पाव तासात अहवाल समोर ठेवला. कल्याणने निबंध पेन्सिलीने उतरवून घेतला. दोनदा डोळे भरून आले आणि ओळ चुकली.

घरी येऊन त्याने आई शिवम्माला अर्थ सांगितला: चुना तपासला, तो उत्तम निघाला; पाया मात्र मुरमावरच थांबवला होता.

"हे कवा छापलं?"

"दोन सालं झाली, अव्वा."

"मंग आपल्याला इतक्या उशिरा कावून?"

ग्रंथालयवाल्यांनी नीट पाहिले नाही, हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले. नेकनूरहून हैदराबादला कोण विचारायला जाणार होते? साहेबांनाही तेव्हा असेच सोपे वाटले असेल.

"मी साल चुकलो," तो म्हणाला. "चूक माझी हाय."

शिवम्माला वाचता येत नव्हते. तरी कागद जवळ ओढून तिने विचारले, "ह्याच्यात त्यांचं नाव कुठं हाय?"

"नाव न्हाई, अव्वा. नुसतं 'तिथला चुना' आसं हाय."

"कुठं? दाखव."

त्याने तिचे बोट धरून त्या दोन शब्दांवर ठेवले.