अव्वाची जागा

माझा भाऊ गुरुबसप्पा मोठा चित्रकार आहे. मुंबईत त्याची प्रदर्शनं भरतात, आणि त्या चित्रांत काय आहे असं विचारलं की विचारणाराच अडाणी ठरतो. मी तो अडाणीपणा एकदा केला. "अक्का, त्यात काही असायलाच पाहिजे असं थोडंच हाय?" म्हणाला. बरं बाबा, नसू दे. पण बहात्तरच्या दुष्काळात तो जी चित्रं काढायचा, त्यांत सगळं होतं. आटलेली विहीर, बरगड्या निघालेली गाय, खडी फोडणाऱ्या बाया.

त्याच उन्हाळ्यात आमची आई, अव्वा, गेली. मी सासरी शिरूर अनंतपाळला होते. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, आपल्याच शेतात. वडील, अप्पा, उदगीरला वारलेले, त्यांची समाधी तिकडंच; देवणीचं हे शेत अव्वानं त्यांच्यामागं घेतलेलं, मी ते पाहिलंही नव्हतं. गाव सगळं दुष्काळी कामावर गेलेलं, त्यामुळे अव्वासाठी खड्डा गुरूनं आणि सालगडी ग्यानोबानं खणला, मंत्राला एकटे म्हातारे स्वामी. वर ओटा बांधायचा असतो, पण प्यायलाच पाणी नव्हतं, चुना कशात कालवणार? लिंबाखाली दगडांची रास रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी गुरूनं शेताचं चित्र काढलं: मधे विहीर, विहिरीच्या मावळतीला लिंब, लिंबाखाली रास.

पुढं, मी तिथं जायच्या आधीच, जनावरांच्या पाल्यासाठी लिंब तोडला, बुंधाही सरपणाला गेला. पाऊस झाल्यावर दगडही पांगले. ग्यानोबा पुण्याकडं पोट भरायला गेला तो परत आलाच नाही, आणि स्वामीही गेले. शेत माझ्याकडं आलं, आम्ही देवणीला राहायला आलो. ओटा बांधायचा म्हणून मी गुरूला विचारलं, "नेमकी कुठं बसवली रं अव्वाला?"

तो चहा पीत होता. "चित्रात हाय की, अक्का. बघ त्यात."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. चित्र बघून मी ओटा बांधला. सोमवारी तिथं बेल वाहिला, श्रावणात नारळ फोडले. चित्राला चौकट करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आणि काचेला रोज विभूती लावली.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे रस्ते पाहिजेत. मोजणीदार शेषेराव साखळी घेऊन आमच्या शेतात आला. भला माणूस होता.

"इहिरीच्या कोणत्या अंगानं नेऊ, तुमीच सांगा. मला दोन्ही सारखंच हाय."

"उगवतीकडनं न्या. मावळतीला आमची अव्वा बसलीय."

"मग तिकडं कसा जाईन, बाई?" म्हणाला आणि उगवतीला खुंट्या ठोकल्या. माझा नवरा लई कुरकुरला, कारण आमची चांगली काळी जमीन तिकडंच होती. मी त्याला बोलू दिलं नाही.

गेल्या महिन्यात लातूरला गुरूच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. घरचं चित्र मीच नेऊन दिलं. कुणीतरी काचेवरची विभूती पुसून टाकली होती, तेव्हाच माझं डोकं फिरलं. गुरू झब्बा घालून पोरापोरींना समजावत होता.

"आज हे चित्र पुन्हा बघितलं आणि आठवलं. खरा लिंब विहिरीच्या पूर्वेला होता. पण सगळं वजन त्याच बाजूला पडत होतं. मग मी लिंब आणि खालचे दगड उचलून इकडं आणले. डोळ्यांना दिसतं ते सोडायला मी तिथं शिकलो."

टाळ्या पडल्या. मीच माझ्या तोंडानं आईवरून वाट दिली होती.

गर्दी हटल्यावर मी त्याला गाठलं. "गुरू, त्या दगडाखाली अव्वा होती."

त्याचा चेहरा उतरला. "ध्यानातच राहिलं न्हाई, अक्का."

"मी इचारलं तवा तरी सांगायचं."

"चित्रच बघत आलो ना इतकी वर्सं. मलाबी तेच खरं वाटून राहिलं होतं." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जागेचं काय घेऊन बसलीस? अव्वा आपल्या मनात हाय."

"मनावर कुणी डांबर घातलं न्हाई, गुरू."

इतकंच बोलले. त्याला शिव्या घालायच्या होत्या, पण रडू फुटलं, आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं. चित्र तिथंच टाकून निघाले.

देवणीची एसटी धरली. आमचं शेत त्याच रस्त्यावर, गावाच्या अलीकडं लागतं. बांध दिसला तशी मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेतले. नेमकी कुठं ते आता कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून या बांधापासून त्या बांधापर्यंत तशीच पाय आवळून बसले.

"मावशी, पाय खाली घ्या, शीट खराब होतंय," कंडक्टर म्हणाला.

मी घेतले नाहीत. गाडी अव्वावरून गेलीच.