समाधी नव्हे, भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, विटांची, लाकडावर चालणारी, आणि माझ्या डोक्यात एक भेग आहे. हे आधीच सांगून टाकते मित्रांनो, म्हणजे तुम्ही ती शोधत बसणार नाही. ती टाळूपासून निघते आणि डाव्या कानशिलापर्यंत येते. तिच्यामुळे मला पाडायचं ठरलं होतं. मी पडले नाही. का पडले नाही ते सांगते. पण ऐकताना "बिचारी" असं म्हणणार असाल, तर इथेच उठा.

माझा जन्म एका लहानशा हॉटेलच्या मागच्या खोलीत झाला. पुढे सहा टेबलं, मध्ये संगमरवरी कट्टा आणि मागे मी. हॉटेल एका कुटुंबाचं. घरातले ज्यांना बाबा म्हणत, ते तरुणपणी एका जहाजावर स्वयंपाकी होते. ते जहाज नेपल्सच्या बंदरात दुरुस्तीसाठी पाच आठवडे अडकलं, आणि बाबा तिथल्या एका भट्टीसमोर जे उभे राहिले ते मनाने कधी परत आलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की आपण पिझ्झा करायचा, आणि तिथल्यासारखाच करायचा. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. वर टोमॅटो, ताजं चीज, बेसिलची दोन पानं. भाजायचा विटांच्या भट्टीत, दीड मिनिटात.

"दीड मिनिटात चहासुद्धा होत नाही, दादा," त्यांचे धाकटे भाऊ म्हणाले. हेच पुढे टेबलांची व्यवस्था बघू लागले. घरातले त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मला एका गवंड्याने बांधलं. त्याने ओल्या वाळूचा घुमटासारखा ढीग थापला, त्यावर विटा रचत नेल्या, सांधे भरले, आणि सगळं वाळल्यावर माझ्या तोंडातून वाळू उपसून काढली. शेवटची थोडी वाळू मागच्या कडेला राहिली. तिथे कुणाचाच हात पोचेना. तेव्हा बाबांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, तायडीला, आत सोडलं. ती एक डबा आणि चमचा घेऊन आत बसली आणि वाळू खरवडताना मोठमोठ्याने पाढे म्हणू लागली, कारण आत आवाज छान घुमत होता. माझ्या पोटात विस्तव नंतर आला. आधी सातचा पाढा आला.

मग सव्वीस वर्षं मी राबले. दिवसाचा शेवटचा पिझ्झा निघाला, की बाबा निखारे मागे लोटत आणि माझ्या तोंडाला लोखंडी झाकण लावत. सकाळी झाकण काढलं, की मी हात भाजेल इतकी गरम असे. त्यात ते चार जाड ओंडके टाकत, आणि तासाभरात मी तयार होई. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते येऊन एक ओंडका टाकून जात.

"आज तरी घरी थांबा," आई म्हणायची. "ती काय पळून जाणारे?"

"बाईसाहेबांचं अंग गार पडता कामा नये," बाबा म्हणायचे. बाईसाहेब म्हणजे मी.

सव्वीस वर्षांत मी एकदाही थंड पडले नाही. पुढे जी चूक झाली, ती ह्याच मायेच्या पोटी झाली.

माझं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते मी नम्रपणे नाकारलं नाही. लाकडी फावड्यावरून पिझ्झा माझ्या तळावर उतरला, की त्याची कड बघता बघता फुगायची, तिच्यावर काळे ठिपके उमटायचे, आणि मधला भाग मऊच राहायचा, घडी घालून खाता येईल इतका. दर रविवारी कट्ट्याजवळच्या टेबलावर एक बाई येऊन बसत. त्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गळ्यात स्टॉपवॉच असे. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"पंच्याण्णव सेकंद! मालक, आज सुस्ती दिसते."

"टोमॅटोला रस जास्त आहे, बाई."

"कारणं नकोत. माझ्या मुलीही हरल्या की म्हणायच्या, बूट नवीन आहेत."

मग एका मंगळवारी बाबा आले नाहीत. बुधवारीही आले नाहीत. ते आता येणार नाहीत हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या तोंडावरचं झाकण कुणी काढलं नाही, त्यावरून मला कळलं.

पूर्ण थंड व्हायला मला पाच दिवस लागले.

आईने एक धुतलेली चादर आणून मला पांघरली. रोज सकाळी ती यायची, चादर झटकायची, माझ्या कडेवरची धूळ पुसायची आणि पुन्हा झाकून जायची. "त्यांच्या हातची आहे," ती सगळ्यांना सांगायची. "दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही."

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "वहिनी, हॉटेल असं बंद किती दिवस ठेवणार? स्टीलची, विजेवरची भट्टी मिळते. बटण दाबलं की तापते. धूर नाही, राख नाही, ओंडके फोडणं नाही. माझी पाठ आता ओंडके उचलायला तयार नाही." पाठीचं ते खरं बोलत होते. पण स्टीलची भट्टी ठेवायला जागा एकच होती, माझी.

एकाला मी अडगळ वाटत होते आणि एकीला समाधी. भट्टी म्हणून मी कुणालाच नको होते. असे तीन महिने गेले. पावसाळी हवा माझ्या विटांमध्ये मुरत गेली आणि मी ती मुकाट्याने पीत राहिले. त्या तीन महिन्यांचा राग मला अजून आहे.

तायडी दुसऱ्या गावात नोकरीला होती. वडील गेले तेव्हा ती आली आणि मग राहिलीच. ती फारसं बोलत नसे. एका सकाळी तिने माझ्यावरची चादर काढली, घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"स्वयंपाक," ती म्हणाली.

तिने बाबांना शेकडो वेळा पाहिलं होतं. तेच ती करायला गेली. चार जाड ओंडके, खाली ढलप्या, आणि काडी. हात अगदी बाबांसारखा चालला. फक्त बाबा नेहमी गरम भट्टी पेटवत आले होते, आणि आज तिच्यासमोर थंड, ओलसर भट्टी होती. सव्वीस वर्षांत मी कधी थंडच पडले नव्हते. मग थंड भट्टी कशी पेटवतात हे ह्या घरात कुणी बघणार तरी कधी? ज्वाळा टाळूला भिडल्या. विटांमधल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना. वाळकी फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. तीच ही भेग.

"झालं?" काका म्हणाले. "आता तरी पटलं?" आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी, म्हणजे बारा दिवसांनी, स्टीलची भट्टी येणार आणि तिच्याबरोबर घण घेऊन दोन माणसं येणार, असं ठरलं.

मी निवल्यावर तायडीने टॉर्च घेतला आणि माझ्या तोंडातून डोकं, मग खांदे आत घातले. आता ती पूर्ण मावत नव्हती. भेग बघायला दोन मिनिटं पुरतात. ती वीस मिनिटं आत होती. त्या वीस मिनिटांबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्हालाही नाही.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काजळीने माखला होता. आई ओलं फडकं घेऊन उभी होती.

"माझं चुकलं," आई म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नवी होती तेव्हा तो गवंडी आठवडाभर नुसता काटक्यांचा विस्तव करायचा. हळूहळू वाढवत न्यायचा. तुझे बाबा वैतागायचे. म्हणायचे, ही भट्टी आहे की मेणबत्ती?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

आईने फडकं पिळलं. "पेटूच नये असं वाटत होतं मला."

आईने त्याच दुपारी गवंड्याला बोलावणं धाडलं.

तो चार दिवसांनी आला, काठी टेकत. त्याने बोटाच्या पेराने मला ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि कान लावून ऐकलं.

"पडणार ना?" काकांनी विचारलं.

"कोण, मी?"

"भट्टी हो!"

"घुमट आहे. विटा एकमेकींना रेटून उभ्या असतात. एका भेगेने त्यांचं भांडण मिटत नाही."

"पण फुटलीय की ती!"

"भाऊ, माझे दोन्ही गुडघे गेलेत. मला कुणी घण घालतं का?" मग तो तायडीकडे वळला. "आठवडाभर विस्तव. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या. बाहेरून तळहात टेकवता आला पाहिजे. रोज थोडं थोडं वाढव. घाई केलीस तर मात्र खरंच खाली येईल, आणि मग मला बोलावू नकोस."

काकांनी कॅलेंडर पाहिलं. "रविवारी एक पिझ्झा काढून दाखवा. धड निघाला तर ठीक. नाहीतर सोमवारी माणसं येतायत."

त्या आठवड्यात मी काय सोसलं ते रडून सांगणार नाही. मी घामाघूम झाले, विटांतून पाणी पाझरलं, भेगेतून वाफ फुसफुसली. तायडी स्टुलावर बसून एकेक काटकी घालत राहिली. चौथ्या दिवशी भेग आणखी उघडल्यासारखी दिसली. तिचं नख आत जायला लागलं. तिने हातातली काटकी खाली ठेवली.

"थांबते मी. पडली तर?"

आई पुढे आली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने फडक्याशिवाय मला हात लावला. उघडा तळहात, बराच वेळ.

"कोमट आहे," ती म्हणाली. "काटक्या संपल्यात बघ. आण जा." आणि शनिवारी पीठ तिनेच मळलं. मित्रांनो, एक गोष्ट आता सांगायला हरकत नाही: पीठ पहिल्यापासून तीच मळत आली होती. नाव बाबांचं व्हायचं.

रविवारी सकाळी ओंडके आले. आधी एक, मग दुसरा. माझी टाळू काजळीने काळी झाली. पुरेशी तापले, की ती काजळी जळून जाते आणि घुमट आतून पांढरा पडतो. तीच माझी तयार असल्याची खूण. पांढरेपणा टाळूपासून खाली उतरू लागला. मध्ये भेगेची काळी रेघ तेवढी उरली. मग विटा तापून फुगल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि ती रेघही दिसेनाशी झाली.

"कुठे गेली?" काका वाकून बघत म्हणाले. मला सांगायला वेळ नव्हता. मी जळत होते.

एवढ्यात शिट्टीबाई दारात. "धुराडं चालू दिसलं रस्त्यावरून. कोण उतरतंय मैदानात?"

तायडीने पहिला पिझ्झा आत सोडला. विस्तव डावीकडे होता आणि ती पिझ्झा फिरवायला उशिरा सरसावली.

"सत्तर सेकंद, आणि अर्धा कोळसा," शिट्टीबाई म्हणाल्या. "पुन्हा."

तायडीने दुसरा गोळा घेतला, बोटांनी पसरवला, फावड्यावर चढवला आणि आत सोडला. ह्या वेळी तिने माझ्या तोंडाकडे न बघता पिझ्झाच्या कडेकडे पाहिलं. कड फुगली, तिने फिरवला; ठिपके उमटले, तिने पुन्हा फिरवला, आणि काढला.

"अठ्ठ्याऐंशी." शिट्टीबाईंनी घास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अजून एक. हा कमी पडणार."

काका कुठे होते? ते कट्ट्याच्या टोकाला उभे राहून तो पहिला, जळका पिझ्झा खात होते. कडेसकट संपवला त्यांनी.

"दादाचा पहिला ह्याच्याहून काळा निघाला होता," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

सोमवारी गाडी आली. काका दारात आडवे उभे राहिले.

"पत्ता चुकला तुमचा."

"पण साहेब, पाटीवर नाव तर हेच आहे."

"नाव हेच आहे. पत्ता चुकलाय."

घण घेऊन आलेली दोन माणसं पायरीवर उभी होती. त्यांना आईने आत बसवलं. "आलाच आहात तर खाऊन जा." त्यांनी घण टेबलाखाली सरकवला आणि दोघांनी मिळून तीन पिझ्झे संपवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसं सांगणार नाही. माझी काळजी तीन महिने घेतली गेली. रोज धूळ पुसली गेली, रोज चादर झटकली गेली, आणि त्याच काळजीने मला थंड पाडलं. ज्या हाताने मला फोडलं त्याच हाताने मला पुन्हा पेटवलं. त्या हाताशी माझं भांडण नाही. माझं भांडण चादरीशी आहे. तुमच्या घरात कुणाची शिलाई मशीन असेल, कुणाची सायकल असेल, कुणाचा तवा असेल, तर त्याला हात लावा. चुकीचा लागला तर पुन्हा लावा. माणूस गेल्यावर त्याची वस्तू गप्प बसवणं म्हणजे त्याला मान देणं, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

माझी भेग आजही आहे. थंड झाले की उघडते, तापले की मिटते. म्हणून मी थंड होणार नाही. तुम्ही कधी ह्या रस्त्याने आलात, तर हळहळ बाहेर ठेवून या. आत यायला फक्त भूक लागते.