आडवारी नेसलेला किल्ट

इनिसला नवा गुडघा बसवला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, रोज मैलभर चालायचं, नाहीतर गुडघा ताठ राहील आणि पुन्हा गुंगी देऊन वाकवावा लागेल. इनिसने शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसला तो बसलाच. एकतीस वर्षं आमच्या बालकेर्न गावाची बस चालवलेला माझा नवरा आता खिडकीतून दुसऱ्याने चालवलेली बस बघायचा. ती दोन मिनिटं उशिरा आली की त्याला बरं वाटायचं आणि मग तो चहा मागायचा.

खरी अडचण पँटची होती. टाके निघाले तरी जखमेची रेघ लालभडक होती आणि तिच्यावर कापड घासलं की तो कळवळायचा. मी म्हटलं, हाफ पँट घाल.

"साठी उलटल्यावर? मग दप्तरही दे पाठीला लावून."

शेवटी एका सोमवारी मी कपाटातून किल्ट काढला, आमच्याकडचे पुरुष सणासमारंभाला नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा. तो त्याच्या वडिलांचा, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, आमच्या लग्नात नेसलेला. कमरेचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सरकवावे लागले, पण गुडघा मोकळा राहिला.

"इशबेल, सोमवारी किल्ट? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू चाल."

आमच्याकडे किल्ट म्हणजे लग्न, नववर्ष आणि मर्तिक. पावाच्या दुकानापर्यंत जाऊन येईस्तोवर त्याला सात जणांनी विचारलं, "कुणाचं लग्न रे?" आणि तिघांनी किल्टवाल्याला हमखास विचारतात तो दुसरा प्रश्न विचारला, आत काही घातलंयस की नाही.

"नवा गुडघा," इनिसने सांगितलं आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आला. खिम्याचे दोन पॅटिस खाल्ले. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. कौतुक केलं की तो माणूस हटकून उलटं वागतो.

बुधवारी थंडी होती. किल्टवर शोभेल असा त्याचा एकच कोट, तो काळा. काठी टेकत, खाली बघत तो निघाला आणि अर्ध्या तासात परत आला, तोंड एवढंसं करून.

"इशबेल, कोण गेलं ग?"

"कोण जाणार? कुणी नाही."

"अग, गेडिसबाईंनी मला बघून पडदे ओढले. पोस्टमनने टोपी काढली. वॉटीने तर बस बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. मग मीही टोपी काढून उभा राहिलो. म्हटलं, मागून शवगाडी येत असेल."

"मग आली?"

"कुठली! पाच मिनिटं वाट बघितली. डोकं गारठलं."

मी भिंतीला टेकून हसत होते, तोवर फोन वाजला. फुलांच्या दुकानातली जीन विचारत होती, पांढरी फुलं पाठवू का आणि कुणाच्या नावाने. तिचं आटोपतंय तोच दारात पाद्री मॅकफेल, हातात बायबल आणि चेहऱ्यावर नाराजी. "इशबेल, मला कळवायचं तरी! गावभर माहीत आणि मला—" एवढ्यात त्यांची नजर माझ्यामागे गेली. काळा कोट घातलेला इनिस तोंडात पॅटिस कोंबून उभा होता. पाद्रीबाबा चहाला थांबले आणि दोन वेळा ठसका लागेपर्यंत हसले.

त्यानंतर गावाला सवय झाली. पंधरा दिवस इनिस रोज बाहेर पडला. परिचारिका शोना गुडघा मोजायला यायची, ती म्हणाली, "नव्वद अंश वाकतोय, छान. महिनाअखेर एकशे दहा हवेत हं, नाहीतर परत हॉस्पिटल." इनिस म्हणाला, बसचं वेळापत्रक मी कधी चुकवलं नाही, हेही चुकवणार नाही. माझा जीव भांड्यात पडला होता.

मग तो शनिवार आला. पावाच्या दुकानात दारापर्यंत रांग. इनिस पुढे, मी त्याच्या शेजारी आणि मागे एफी क्रॉम्बी. एफी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जिभेला हाड नाही, पण सगळ्यांच्या अडीनडीला धावणारी. तिने छत्रीच्या टोकाने इनिसच्या किल्टच्या चुण्या मागून उचलल्या, चांगल्या कमरेपर्यंत.

"बघू तरी, नवं काय काय बसवलंय!"

दुकान हसून लोटपोट झालं. त्याने निळी चड्डी घातली होती, मीच आणलेली. आणि लपवून काय करू, मीही हसले. त्याच्या शेजारी उभी राहून हसले, सगळ्यांत मोठ्याने.

इनिस मागे वळला नाही. हातातली पिशवी त्याने फळीवर ठेवली आणि रांगेतून बाहेर पडून घरी गेला.

मी पोचले तेव्हा किल्ट कपाटात टांगलेला होता आणि तो पायजमा घालून खुर्चीत. मंगळवारपर्यंत तो तिथून हलला नाही. पायजमा मांडीपर्यंत गुंडाळून बसायचा, कुणी दार वाजवलं की खाली ओढायचा. मंगळवारी शोनाने मोजलं. पंच्याऐंशी. जाताना मला दाराशी म्हणाली, "हा असाच बसला तर पुन्हा भूल द्यावी लागेल, इशबेल. काहीतरी करा."

मी खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले. "अरे, एफी आहे ती. पाद्र्यालासुद्धा सोडत नाही. गंमत केली."

तो खिडकीबाहेरच बघत होता. "तुझा स्कर्ट कुणी त्या रांगेत छत्रीने उचलला असता, तर मी काय केलं असतं?"

मला माहीत होतं त्याने काय केलं असतं. एकदा एका पोरीला त्रास देणाऱ्या बाप्याला त्याने अर्ध्या वाटेत, भर गारांत बसमधून उतरवलं होतं.

"हसलो असतो का ग मी?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली बशी पुन्हा धुतली. लाज वाटली मला. एफीची नव्हे, माझी. एक्केचाळीस वर्षांत इनिसने कधी चारचौघांत माझी अब्रू जाऊ दिली नव्हती. मी परत बाहेर आले आणि म्हटलं, "माझं चुकलं, इनिस. मी हसायला नको होतं."

"हं," तो म्हणाला. चहाही मागितला नाही.

बुधवारी सकाळी मी एफीकडे गेले. तिने किटली ठेवली, बिस्किटांचा डबा काढला. मी आल्याचं कारण सांगितलं तर म्हणाली, "पुरुषासारखा पुरुष, त्याचं काय जातंय एवढ्याने?"

"एफी, तो चार दिवस खुर्चीतून उठला नाही."

तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं, त्यालाही मजा आली. सगळे हसले. तूही हसलीस."

"हो. मीही हसले."

तिने बिस्किटांचा डबा उचलून परत फळीवर ठेवला.

गुरुवारी न्याहारी झाल्यावर इनिस उठला, किल्ट नेसला आणि दाराशी काठी घेऊन उभा राहिला. मी भराभर कोट चढवला. काही विचारलं नाही, विचारलं असतं तर परत बसला असता. मोठ्या रस्त्याला लागलो. वॉटीने हॉर्न दिला. गेडिसबाईंनी खिडकीतून हात हलवला. सगळं ठीक चाललं होतं आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.

मग मला त्याचा हात दिसला. डाव्या हातात काठी होती आणि उजवा हात मागे, चुण्या मांडीशी घट्ट दाबून धरलेला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. आधी वाटलं, कंबर दुखत असेल. मग कळलं. स्कर्टवर तसा हात मी धरत आलेय, बसचा जिना चढताना, पुलावरून जाताना, उनाड पोरांच्या घोळक्यापुढून जाताना. मला आईने शिकवलं, मी माझ्या मुलीला शिकवलं. इनिसला कुणी शिकवलं नव्हतं.

मी एक पाऊल मागे राहिले आणि त्याच्या पाठीशी चालू लागले.

"मागे का पडलीस?"

"अशीच. तू चाल."

दुकानात एफी होती. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "इनिस, त्या दिवशी मी चुकले. माफ कर बाबा." इनिस म्हणाला, "झालं ते झालं," आणि दोन पॅटिस मागितले. पाकीट काढायला त्याला दुसरा हात लागला, तेव्हा त्याने काठी मला दिली. उजवा हात मागेच होता. एफीने तो पाहिला आणि मान खाली घातली.

महिनाअखेर शोनाने मोजलं, एकशे बारा. हॉस्पिटल टळलं. आता पँटही टोचत नाही, पण तो म्हणतो, किल्टच बरा, मोकळं वाटतं. रोज नेसतो आणि मैलभर चालून येतो. गावात आता कुणी काही विचारत नाही. रांगेत उभा राहिला की हात मात्र अजून मागे जातो.