मी घसरलो नव्हतो

"हा लेकाचा स्क्रूड्रायव्हर पुन्हा घसरला," मालक माझ्या मुठीवर तोंड आणून पुटपुटले.

मी घसरलो नव्हतो! मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. मूठ लाकडी, तोंड चपटं आणि डोकं सध्या तापलेलं, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पोलाद तापवून, तेलात विझवून मला घडवलं. मालकांनी बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी दुकान थाटलं, तेव्हा मला आणलं. हिवाळ्यात आम्ही बर्फावरून जायला पायाला लावायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, भाड्याने देतो, उन्हाळ्यात डोंगर चढणाऱ्यांचे बूट आणि काठ्या दुरुस्त करतो.

स्कीवर बूट धरून ठेवणारी एक पकड असते. माणूस पडला की तिने बूट सोडायचा असतो. नाही सोडला, तर ती लांबलचक स्की पाय पिरगाळते. पकड किती घट्ट, ते एका स्क्रूवर ठरतं. शेजारी करंगळीच्या नखाएवढी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. हलक्या माणसाला तीन, धिप्पाडाला आठ. तो स्क्रू फिरवणारा मी.

म्हणून काउंटरवर वजन विचारतात. आणि तिथेच माणसं थापा मारतात! "साठ," एक गृहस्थ पोट आत ओढून म्हणाले.

"उजव्या पायाचं का?" त्यांच्या बायकोने विचारलं.

मालकीणबाई कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. काउंटरपुढची फळी किती कुरकुरते ते ऐकून त्या चिठ्ठीवर आकडा लिहीत. मालक तो वाचत, मला फिरवत, अंगठ्याने पकड दाबून बघत. सव्वीस हिवाळे आमच्या चुकीने एकही पाय दुखावला नाही. "असं हत्यार पुन्हा मिळायचं नाही," म्हणत मला शर्टाच्या खिशात ठेवत.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मालकांनी भिंतीवरच्या नकाशात एका जोडप्याला पायवाट म्हणून ओढा दाखवला. दोघं गुडघ्यापर्यंत भिजून परत आली. सगळे हसले. "इथे उजेडच कमी आहे," मालकीणबाई म्हणाल्या. बल्ब बदलला. तीनदा बदलला! मग आकडे बारीक छापतो म्हणून कारखान्याला शिव्या. शेवटी आळ माझ्यावर. खिशातून मी खोक्यात गेलो. रंगाचे डबे उघडले. एकदा तर माझ्याकडून चहा ढवळून घेतला.

पण माझा खरा राग मालकीणबाईंवर आहे. मालक चहाला आत गेले की त्या गुपचूप एकेका स्कीच्या खिडकीत डोकावत आणि चुकलेला स्क्रू नाण्याने फिरवत. नाण्याने! मी समोर पडलेलो असताना! त्या याला सांभाळून घेणं म्हणत असतील. मी भित्रेपणा म्हणतो.

आज दुकानात गर्दी उसळली. मालकांना चहाला उसंत मिळाली नाही, आणि मालकीणबाईंना नाणं काढता आलं नाही. एक शाळकरी मुलगी आली, काडीसारखी. तिच्या पायाखाली फळी हूं की चूं करेना. चिठ्ठीवर तीन. मालकांच्या हातात आलेली स्की मात्र आदल्या दिवशी एका आडदांड माणसाने वापरलेली. मालकांनी खिडकीला नाक टेकवलं. "आधीच तीनवर आहे की," म्हणाले, आणि मला न फिरवताच खाली ठेवलं.

आठ होता, मित्रांनो! आठ! मला ओरडता आलं असतं तर!

तासाभराने मुलीची आई आली. लेक पडली तेव्हा बूट सुटलाच नव्हता; तिला गुडघा बांधून, स्ट्रेचरवरून डोंगराखाली आणलं होतं. आईने स्की काउंटरवर आपटली. "वाचा. काय आकडा आहे?"

मालकांनी स्की उचलली, तिरकी केली, दाराच्या उजेडात नेली. मग त्यांनी मला उचललं. "हा स्क्रूड्रायव्हर घसरतो," म्हणाले, आणि मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

हत्यारं पुसा, तेल लावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी त्या डब्यातून सांगतो: हत्यारावर खापर फोडण्याआधी ते धरणाऱ्या माणसाकडे बघा. आणि काही दिसलं, तर तेव्हाच बोला. तुमच्या गप्प बसण्यात दुसऱ्याच्या लेकीचा गुडघा जातो.

तेवढ्यात डब्यात एक हात आला. मालकीणबाईंनी मला बाहेर काढलं, बाहीने पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. शेजारी खिशातलं नाणं ठेवलं.

"याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हाला दिसत नाही. आणि मला ते दोन वर्षांपासून माहीत आहे."