एकं स्थानचा आठ

मी एक जुना फळा आहे. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहान वाचनालय आहे. त्याच्या ओसरीत मी भिंतीला टेकून उभा असतो. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी कल्याणच्या धाकू सुताराने शहापूरच्या सागापासून मला घडवले आणि लाखेत काजळी खलून माझ्यावर थर चढवले. इतका काळा फळा अख्ख्या ठाण्यात नाही, असे तेव्हा लोक म्हणत.

ग्रंथपाल रेगेमास्तर रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या बातम्या माझ्यावर खडूने लिहीत. भरतीच्या वेळा, तांदळाचे भाव, असे कितीतरी आकडे माझ्यावर उमटले आणि पुसले गेले. पण १९५२ सालच्या आरंभी मास्तरांनी सतरा लिहून त्यापुढे सात शून्ये काढली, तेव्हा मी थक्क झालो. देशात सतरा कोटींहून अधिक मतदार होते! माझी रुंदी मला प्रथमच अपुरी वाटली.

त्या सतरा कोटींतली एक होती मनुबाई कोळीण. ती माशांची पाटी डोक्यावर घेऊन रोज माझ्यासमोरून जाई. मतदानादिवशी ती सणाचे लुगडे नेसून गेली होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आपल्या पसंतीच्या माणसाच्या पेटीत तिने चिठ्ठी टाकली आणि पेटीला हात जोडले, असे तिनेच परतताना ओसरीत सांगितले.

निकाल लागले. मास्तरांनी ठाण्याचे आकडे माझ्यावर लिहिले. मनुबाईचा माणूस हरला होता. तिचा दीर गोमाजी याचा माणूस जिंकला होता आणि तो ओसरीतच बसला होता.

"वैनी, तुजं मत खाडीत गेलं गं! भरती आली का परत येल, वाट बघ!"

माणसे हसली. मनुबाईने पाटी खाली ठेवली.

"मना ठावं हाय. इकलं नाय गेलं ते म्हावरं सांजचं खाडीत फेकतात. हरल्याची पेटी पन तशीच फेकली आसंल. कोन मोजतंय? पुन्यांदा मी नाय जायाची मत द्याया."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली.

मास्तर उठले. "मनुबाई, इकडे या. हा तुमच्या माणसाचा आकडा. सहा हजार चारशे अठरा. त्याची पेटीसुद्धा उघडली, आणि एकेक चिठ्ठी मोजली."

"हरलेल्याची पन?"

"हरलेल्याचीसुद्धा."

मग त्यांनी शेवटचा आठ बोटाने पुसला आणि तिथे सात लिहिला.

"तुम्ही घरी बसला असता, तर हे असं झालं असतं."

मनुबाई त्या सातकडे पाहतच राहिली. सतरा कोटी मतदारांच्या देशात ती एकटी घरी बसली असती, तर एक अंक खरोखरच बदलला असता! मलाही हे कधी सुचले नव्हते. मी आजवर मोठ्या आकड्यांना त्यांच्या लांबीमुळे मोठे समजत होतो.

"मास्तर, तो सात खोटा हाय," ती घाईने म्हणाली. "माजा येक परत द्या."

मास्तरांनी तिच्या हाती खडू दिला. तिने आयुष्यात कधी खडू धरला नव्हता. मास्तरांनी सात पुसून हवेत बोटाने आठ काढून दाखवला. मग मनुबाईने माझ्यावर आठ काढला, तो वाकडा होता आणि शेजारच्या अंकांच्या दुप्पट.

गोमाजी जवळ आला. "मास्तर, माजा येक कंचा?"

"तुजा जितलेल्यांत हाय," मनुबाई म्हणाली. "गर्दीत शोध जा!"

दुसऱ्या सकाळी नव्या बातम्यांसाठी मास्तरांना मला पुसावे लागले. मनुबाईला वाईट वाटेल, असे मला वाटले.

"पुसा की," ती म्हणाली. "मोजून जालंय."

पुढच्या निवडणुकीला ती आपली सून शेवंती हिला घेऊन सकाळीच मतदानाला गेली.

आता वाचनालयात रेडिओ आला आहे. माझी काजळी उडाली आहे, आणि लोक माझ्या कडेला छत्र्या अडकवतात. बालमित्रांनो, मला पुन्हा रंग द्या, एवढेच मी मागेन. पण त्याला उशीर झाला तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा आपला एक मात्र घरी ठेवू नका.